कोंबडीची बिडी

आमच्या शेजारच्या जमुनाबाई हत्तीमारे यांचं आडनाव ऐकून कोणी दांडगी बाई डोळ्यांपुढे आणत असेल, तर त्याने आधी माझ्या दुकानात यावं. गोंदियाच्या वेशीवर, फुलचूरला, माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि दुकानाच्या डाव्या अंगाला त्यांचं अंगण. तिथे पाटावर जी चिमणीएवढी बाई बसलेली दिसेल, त्याच हत्तीमारे. वजन पस्तीस किलो, आणि त्यातले पाच तरी नुसत्या हातांचे असावेत. चपट्या टोकांची लांब बोटं, आणि उजव्या अंगठ्याचं नख खास वाढवून, घासून कोरलेलं. वय बासष्ट, पण बोटं एक मिनिट स्वस्थ बसत नाहीत. माझ्या मशीनमधून वाकडातिकडा निघालेला कागद मी टाकला की त्या उचलतात, आणि बोलता बोलता त्याची सुरळी करून ठेवतात. दिवाळीला झाडलोट केली तेव्हा कपाटामागे अशा चारेकशे सुरळ्या निघाल्या, सगळ्या एका मापाच्या.

त्यांची दुसरी सवय मात्र पहिल्या दिवसापासून माझ्या डोक्यात जायची. काहीही हातात दिलं की विचारणार, "छाट तं नाही ना?" चहा दिला, छाट तं नाही ना. अंगणात रांगोळी काढली, छाट तं नाही ना. एकदा माझ्या नवऱ्याच्या शर्टाला बटण लावून दिलं आणि तेच विचारलं. तो बिचारा घाबरून बटणाकडे बघत राहिला.

छाट म्हणजे बिडीच्या कारखान्यात नापास झालेला माल. जमुनाबाईंनी तीस वर्षं बिड्या वळल्या. अर्जुनी मोरगावकडे एका खेड्यात, तळ्याच्या पाळीला लागून त्यांचं घर होतं. रोवणीचे आणि कापणीचे दिवस सोडले तर बारा महिने मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि बाजूला ओल्या पोत्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. पत्र्याचं माप पानावर ठेवायचं, कात्रीने त्याबरहुकूम कापायचं, तंबाखू भरून वळायचं. जाड तोंड नखाने आत मुडपून बंद करायचं. बारीक तोंड उघडं ठेवायचं, कारण तिथून ओढायची असते. दोरा बांधायचा, की झाली बिडी. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा, आणि चाळीस कट्टे म्हणजे एक हजारी. जमुनाबाईंची हजारी दिवस मावळायच्या आत व्हायची. गावात इतका हात दुसऱ्या कोणाचा चालत नसे.

आणि तरी छाट सर्वांत जास्त त्यांचीच. माल घेऊन कारखान्यात गेलं की तिथे श्यामलाल नावाचे चेकर बसलेले असत. ते कट्टा सोडायचे, बिडी चिमटीत धरून फिरवायचे, टोक बघायचे, आणि मनाला आलं नाही की बाजूच्या टोपलीत टाकायचे. टोपलीत गेलेली बिडी परत मिळत नसे. इतर बायकांची छाट मूठभर निघायची, जमुनाबाईंची ओंजळभर. बरं, कारण सांगायची चेकरची पद्धत नव्हती. जमुनाबाईंनी पानं निवडून पाहिली, दोरा बदलून पाहिला, रात्रंदिवस तेच एक डोक्यात. जितकं मन लावून वळावं तितकी छाट वाढायची. गावात जमुना तीन होत्या, त्या ओळखता याव्यात म्हणून लोकांनी नावं पाडली होती. एक पाटलांची जमुना, एक लंबी जमुना, आणि ही छाटवाली जमुना. तीस वर्षं ते नाव ऐकलं. नवरा गेला, बिडीचं काम आटलं, मुलगा हेमेंद्र त्यांना फुलचूरला घेऊन आला. नाव गावातच राहिलं, पण त्या ते मनात घेऊन आल्या.

हेमेंद्र ई-रिक्षा चालवतो. त्याची बायको टीना गोंदिया शहरातली, निम्मं हिंदी बोलणारी, उत्साहाने फसफसलेली मुलगी. दर चार महिन्यांनी तिला काहीतरी नवं करायचं असतं. मेंदीचे क्लास झाले, केक झाले, आणि गेल्या वर्षी तिने मोबाइलवर बघून ठरवलं की संध्याकाळी नाक्यावर गाडी लावायची आणि सॉसेज रोल विकायचे. चिकनचं सॉसेज, बोटाएवढं, कणकेच्या पट्टीत गुंडाळायचं आणि तळायचं. गोठवलेलं पाकीट तिने आणलं तेव्हा मी तिथेच होते. जमुनाबाईंनी एक सॉसेज उचललं, उजेडात धरलं, आणि चिमटीत फिरवलं.

"हे कोंबडीचं होय?"

"हाँ अम्मा, प्युअर चिकन."

"चाळीस वर्सं कोंबड्या कापून राहिली मी. कोंबडीत असं काही निघत नाही."

मला विचाराल तर टीनाचे पहिले रोल बघवत नव्हते. कणकेची पट्टी कुठे जाड, कुठे फाटलेली, प्लास्टर घातलेलं बोट असतं तसे. चव बरी होती, हे मी सांगू शकते, कारण फसलेले सगळे रोल माझ्याकडेच यायचे. मी सोमवार आणि गुरुवार पाळते. टीनाचे रोल नेमके त्याच दिवशी जास्त फसायचे, त्यामुळे माझी अडचण व्हायची. शिवाय तिचा हात सावकाश. तासाभरात चाळीस रोल. गाडीवर गिऱ्हाईक उभं राहून कंटाळायचं आणि शेजारच्या पाणीपुरीवाल्याकडे जायचं.

जमुनाबाई दहा दिवस पाटावर बसून हे बघत होत्या. बोटं चाळवत होती. अकराव्या दिवशी दुपारी त्या उठल्या, आत गेल्या, आणि लोखंडी पेटीतून कात्री आणि पत्र्याचं माप घेऊन आल्या. चिंचेने घासून दोन्ही चकचकीत केली.

"सरक," त्या सुनेला म्हणाल्या.

मग जे झालं ते बघायला मी दुकान उघडं टाकून अंगणात गेले. लाटलेली कणीक त्यांनी ओल्या फडक्याखाली ठेवली, तेंदूची पानं ठेवायच्या तशी. माप ठेवलं, कात्रीने कापलं, सॉसेज ठेवलं, वळलं, नखाने टोक आत मुडपलं, ताटात टाकलं. हे वाचायला तुम्हाला जेवढा वेळ लागला तेवढ्यात त्यांचे तीन झाले होते. टीनाने हेमेंद्रसाठी चहा ठेवला होता, तो उकळेपर्यंत पन्नास रोल ताटात ओळीने पडले, एकासारखा एक. टीना बघतच राहिली. मी पण. जमुनाबाईंनी मान वर न करता विचारलं, "छाट तं नाही ना?"

टीनाने आनंदाच्या भरात एकदम पंधरा कढईत सोडले. कढई अंगणात, माझ्या दुकानाच्या पायरीपासून चार हातांवर. पहिल्या अर्ध्या मिनिटात काही झालं नाही. मग "फट" असा आवाज झाला आणि एक सॉसेज कणकेतून सुटून वर उडालं. पाठोपाठ दुसरं. तिसरं हेमेंद्रच्या रिक्षाच्या काचेवर आदळलं. टीना किंचाळत झारा घेऊन पळाली, मी तुळशीमागे बसले, जमुनाबाई मात्र पाटावरून हलल्या नाहीत. प्रत्येक सॉसेज कुठून सुटतं ते त्या बारकाईने बघत होत्या. चौथं माझ्या दुकानात गेलं. तिथे सुखरामभाऊ नावाचे एक शेतकरी सातबाऱ्याच्या प्रती काढायला येऊन बसले होते. सॉसेज त्यांच्या सातबाऱ्यावर पडलं, बरोबर गट क्रमांकावर, आणि तिथे तेलाचा डाग पसरला. सुखरामभाऊंनी इकडेतिकडे पाहिलं, ते उचललं, फुंकर मारली आणि खाल्लं. मग दारातून डोकं बाहेर काढून विचारलं, "बाई, हे पुन्हा येईन का?"

चूक काय झाली हे कळायला मला दोन मिनिटं लागली. जमुनाबाईंनी रोलचं एकच तोंड बंद केलं होतं. दुसरं उघडं. बिडीचं असतं तसं.

"अम्मा, दोनों साइड बंद करना है," टीना म्हणाली. तिच्या कपाळाला कणीक लागली होती.

"दोन्ही तोंडं बंद केल्यावर ओढन कोण?"

"इसको पीना नहीं है अम्मा. खाना है."

जमुनाबाईंना ते पटलं. पटलं, पण हातांना पटलं नाही. पुढचे तीन दिवस त्या रोज पाटावर बसून दोन्ही तोंडं बंद करायचा प्रयत्न करत. पहिलं टोक मुडपायचं, दुसऱ्याकडे नख न्यायचं, आणि नख तिथे थांबायचं. बंद तोंडाची बिडी म्हणजे छाट, हे त्यांच्या बोटांत इतकं मुरलं होतं की रोल दुसऱ्या तोंडाशी आला की बोटं आपोआप पुढचा घ्यायची. त्या स्वतःच्या हातांवर चिडायच्या. "मेले आयकतच नाही," असं मला हात दाखवून सांगायच्या. आणि संध्याकाळी अंगणात सॉसेजं उडायची. सुखरामभाऊ तीनही दिवस सातबारा काढायला आले.

चौथ्या दिवशी त्यांनी हातांशी भांडण सोडलं. गोणपाट शिवायचा दाभण आणला, उकळत्या पाण्यात बुडवला, आणि रोलच्या बंद तोंडातून सॉसेजच्या आरपार एक भोक पाडलं. टीनाला म्हणाल्या, "वाफेले एकच वाट हाय म्हून ते ढकलते. दोन वाटा दिल्या तं कायले ढकलन?"

तळले. एकही उडाला नाही. टीनाने सासूला उचलून अंगणात एक गिरकी घेतली, पस्तीस किलोच तर होतं. मग तिला सुचलं की मुडपलेल्या टोकावर लाल सॉसचा एक ठिपका द्यायचा. तो दिल्यावर ताटात काय पडलंय ते आम्हा सगळ्यांना एकदम दिसलं. खरपूस तपकिरी, एका टोकाला निमुळती, दुसऱ्या टोकाला विस्तव. हेमेंद्रने रिक्षातून उतरता उतरता नाव ठेवलं, कोंबडीची बिडी, आणि दुसऱ्या दिवशी गाडीवर तसा फलकही लागला. फलकाची प्रिंट माझ्या दुकानातली.

पुढच्या दोन महिन्यांत नाक्यावर काय गर्दी व्हायची. पोरी ओठांत बिडी धरून फोटो काढायच्या. म्हातारे लोक कानावर ठेवून घरी न्यायचे आणि कानाला तेल लागलं म्हणून सुनांची बोलणी खायचे. एकदा एक पोलीस गाडीशी थांबला, सार्वजनिक जागी बिड्या ओढता का म्हणून दरडावून विचारलं, आणि खरं काय ते कळल्यावर सहा बांधून घेतल्या. पाणीपुरीवाला आमच्याशी बोलायचा बंद झाला. जमुनाबाई गाडीवर कधी जात नसत. घरी पाटावर बसून वळायच्या, पंचवीस-पंचवीसचे थर लावून द्यायच्या, आणि टीना परत आली की विचारायच्या, "कोणी छाटली तं नाही ना?"

मग एका बुधवारी चंद्रकुमार नावाचा एक तरुण गाडीवर आला. त्याच्या मुलाचा पहिला वाढदिवस होता, रविवारी, गोरेगाव रोडच्या एका लॉनवर. चारशे माणसं. त्याला हजार बिड्या हव्या होत्या, पाच वाजता गरम. टीनाने हो म्हणून टाकलं आणि नाचत घरी आली.

"कोणाचा कार्यक्रम होय?" जमुनाबाईंनी सहज विचारलं.

"अर्जुनी साइडवाले हैं अम्मा. वो लडका अपने दादाजी का बता रहा था, बीडी फॅक्टरी में चेकर थे. श्यामलाल जी."

जमुनाबाईंच्या हातातला रोल तसाच राहिला. तो त्यांनी फडक्यावर ठेवला, हात पुसले आणि आत जाऊन पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी टीनाला एवढंच म्हणाल्या, "त्या मानसापुढं माह्या हातचं जानार नाही. तुले पाहिजे तं तू वळ."

टीनाची ही पहिली मोठी ऑर्डर, शब्द देऊन बसलेली. तिने विनवलं, हेमेंद्रने विनवलं, मी तर चांगली भांडले. माझा स्वभावच तसा आहे, कोणी हट्टाला पेटलं की मला समजावता येत नाही, भांडताच येतं. "कोण कुठला म्हातारा," मी म्हटलं, "त्याला कोण विचारतं आता?"

तेव्हा जमुनाबाई उठून बसल्या. "मंजू, तो पुन्हा ओंजळ काढन," त्या म्हणाल्या. "तवा बायांच्यापुढं काढे. आता सुनेपुढं काढन. इथं मले कोणी छाटवाली म्हणत नाही."

बाई तीस वर्षांत वळलेल्या लाखो बिड्या विसरली होती, लक्षात ठेवली होती ती फक्त ती टोपली. मला वाईट वाटलं, आणि त्या न पाहिलेल्या चेकरचा असा राग आला की त्या दिवशी दोन गिऱ्हाइकांच्या प्रती मी उलट्या काढल्या.

शनिवारी दुपारी टीना एकटीच वळायला बसली. मी मदतीला. दोन तासांत आमचे दोघींचे मिळून एकशे दहा झाले. जमुनाबाई पाणी प्यायला बाहेर आल्या आणि ताटापाशी थांबल्या. एक रोल उचलला, चिमटीत फिरवला. पट्टी सुटून त्यांच्या मनगटावर लोंबू लागली.

"हे जाईन त्याच्यापुढं?" त्यांनी विचारलं. "माह्या घरातून?"

त्यांनी ते अख्खं ताट उचलून बाजूला ठेवलं. "उद्या सहाले कणीक भिजवून ठेवजो," टीनाला म्हणाल्या. "छाटली तं छाटली. पन हे नाही."

रविवारी उजाडताच अंगणात सतरंजी पडली. टीना लाटायला, मी माप ठेवून कापायला, जमुनाबाई वळायला, हेमेंद्र दाभण घेऊन. थंडीचे दिवस, ऊन अंगणात सरकत होतं आणि आम्ही उन्हाबरोबर सतरंजी सरकवत होतो. मी मध्येच हौसेने वळायला घेतलं. जमुनाबाईंनी माझा पहिला रोल घेतला, फिरवला, आणि बाजूच्या डब्यात टाकला. दुसरा टाकला. तिसऱ्यावर मी विचारलं, "काय झालं त्याला?" त्यांनी तोही टाकला. माझे एकतीस रोल असे डब्यात गेले, एक शब्द न सांगता. टीना हसून हसून लाटण्यावर पडली. मी रुसून पुन्हा कात्री घेतली. पण खरं सांगते, त्या वेळी जमुनाबाईंच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. बाई मजेत होती. दीडला पस्तिसावा कट्टा झाला, आणि अडीचच्या आत हजारी भरली. हेमेंद्रने रिक्षाचा हॉर्न वाजवून गल्लीला कळवलं.

रिक्षात मागे दोन मोठी पातेली, कढई, गॅसची शेगडी, टीना, मी, आणि माझ्या मांडीवर तो एकतीस रोलांचा डबा. तो का घेतला म्हणाल तर वाटेत भूक लागली तर तळून खाऊ म्हणून. जमुनाबाई पुढे मुलाच्या बाजूला बसल्या. लुगडं नवं नेसल्या होत्या, हात मात्र पदरात लपवलेले.

लॉनवर फुगे, बाजा, एक वर्षाचा रडका राजपुत्र. टीनाने तळायला घेतलं. आधी माझेच रोल तेल बघायला सोडले, ते वाकडेतिकडे फुगले, डब्यात परत भरले. मग खरी बिडी. पहिले चार कट्टे काउंटरवर लागले तसं चंद्रकुमार हात धरून एका म्हाताऱ्याला घेऊन आला. पांढरं धोतर, जाड भिंगांचा चष्मा, वय ऐंशीच्या घरात. काउंटरच्या बाजूला खुर्ची टाकून त्यांना बसवलं आणि म्हणाला, "आजोबा, हे पाहा मी तुमच्यासाठी काय मागवलं."

जमुनाबाई कढईच्या मागे सरकल्या.

श्यामलालजींनी एक बिडी उचलली. चिमटीत धरली, फिरवली, कानाशी नेऊन हलकं दाबली. टोक डोळ्यांजवळ आणलं. मग त्यांनी केलं काय, तर ती ओठांत धरून झुरका घेतला. दोन्हीकडून वाट होतीच. गरम वाफ घशात गेली, डोळ्यांत पाणी आलं, खोकले, चंद्रकुमार पाठ चोळायला लागला. म्हाताऱ्याने त्याला हाताने दूर केलं. मुडपलेल्या टोकावर अंगठा ठेवला आणि तो तिथेच ठेवून बराच वेळ बसले. मग ती बिडी शेजारच्या रिकाम्या ताटलीत ठेवली.

दुसरी उचलली, फिरवली, ताटलीत. तिसरी. चौथी. एका कट्ट्यातून पाच, दुसऱ्यातून सहा. पाहुणे जमू लागले होते, ते बघत उभे. टीना झारा धरून माझ्याकडे पाहू लागली. जमुनाबाईंचा चेहरा मला बघवेना. तीस वर्षं निघत आलेली ती ओंजळ तिथे लॉनवर, रोषणाईत, सगळ्यांपुढे भरत होती. मी पुढे होऊन त्या म्हाताऱ्याला चार शब्द सुनावणारच होते. पण जमुनाबाई माझ्या आधी निघाल्या. कढईला वळसा घालून त्या खुर्चीसमोर जाऊन उभ्या राहिल्या, आणि जे तीस वर्षांत विचारलं नव्हतं ते विचारलं.

"चेकरबाबू, काऊन छाटून राहिले?"

म्हाताऱ्याने चष्मा वर केला. "जमुना होय का वो तू? तळ्याच्या पाळीवरची?"

"होय. छाटवाली."

"तरीच," ते म्हणाले. "असं मुडपनं दुसऱ्या कोनाचं असूच शकत नाही. मी ओळखलं."

"ओळखलं तं मंग छाटता काऊन?"

"छाटत कुठं आहो? माह्यासाठी काढून ठेवून राहिलो. हे लोकं खाऊन टाकतीन सारं." आणि मग, आनंदाच्या भरात म्हणा की ऐंशीव्या वर्षी लपवायचं काही उरलं नव्हतं म्हणून म्हणा, ते हसत पुढे म्हणाले, "तवाही तेच करत होतो ना."

टीनाने झारा खाली ठेवला.

"का करत होते?" जमुनाबाईंनी हळू विचारलं.

"तुह्या बिडीसारखी बिडी अख्ख्या कारखान्यात नव्हती. पास केली तं मालकाच्या पुड्यात जाये. पुड्यातून काढली तं चोरी होये. छाटली तं टोपली माही." म्हातारा अगदी सरळपणे समजावून सांगत होता. "तीस वर्सं मी दुसऱ्या कोनाची बिडी ओढली नाही, जमुना. काम बंद झालं तवा ओढनंच सोडलं."

मला वाटलं, आता या बाई रडणार, नाहीतर कढई उचलून म्हाताऱ्याच्या डोक्यात घालणार. दुसऱ्या गोष्टीला माझा पूर्ण पाठिंबा होता. जमुनाबाईंनी यातलं काही केलं नाही. त्यांच्या नाकातून आधी एक बारीक आवाज आला. मग खांदे हलले. मग त्या अशा हसायला लागल्या की धरायला काही सापडेना म्हणून गवतावर बसल्या. "तीस वर्सं," त्या म्हणायच्या आणि पुन्हा हसायच्या. "वो माय, तीस वर्सं." टीना हसायला लागली, मग चंद्रकुमार, मग काही न कळलेले पाहुणे. उत्सवमूर्ती रडायचा थांबला.

हसणं ओसरल्यावर त्या उठल्या, पदराने डोळे पुसले, आणि म्हाताऱ्यापुढची भरलेली ताटली उचलली. तिच्यातल्या बिड्या एकेक करून पुन्हा काउंटरवर पाहुण्यांसाठी लावल्या. मग माझ्या हातातला डबा घेतला, झाकण काढलं, आणि माझे वाकडे, फुगलेले, सुटलेले एकतीस रोल त्या ताटलीत ओतले.

"छाट तुमची होय ना?" त्या म्हणाल्या. "मंग हे घ्या. बाकीचा माल पाहुन्यांचा."

श्यामलालजींनी ताटलीत पाहिलं. एक रोल उचलून फिरवला. पट्टी सुटली. तक्रार करायला त्यांना तोंडही नव्हतं. निमूटपणे खाऊ लागले. सहाव्या रोलाला थांबून त्यांनी विचारलं, "हे कोनं वळले?" जमुनाबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. म्हाताऱ्याने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "ही खरी छाट होय." अख्खा काउंटर हसला. त्या म्हाताऱ्याचा राग मला अजूनही येतो, आता तर स्वतःच्या कारणाने येतो.

पण एकतीसच्या एकतीस खाल्ले त्याने. तेवढं मानायला पाहिजे. आणि जाताना जमुनाबाईंनी एका कागदात पाच चांगल्या बिड्या गुंडाळून त्याच्या खिशात घातल्या, तेही मी पाहिलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "एवढी वर्सं माहीच ओढत होता ना तो." यावर माझं त्यांच्याशी परतीच्या रिक्षात भांडण झालं. आमचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून हेमेंद्रने हॉर्न वाजवत रिक्षा आणली. टीना रिकाम्या पातेल्यात पाय घालून झोपली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडत होते तेव्हा जमुनाबाई चहाचा कप घेऊन आल्या. पायरीवर ठेवला आणि परत अंगणाकडे वळल्या. मी कप हातात धरून वाट बघत उभी राहिले. त्या काही विचारेनात. एक घोट घेतला, तरी नाही. शेवटी न राहवून मीच म्हटलं, "मावशी, साखर कमी आहे आज."

"तं नको पिऊ," जमुनाबाई म्हणाल्या, आणि पाटावर जाऊन बसल्या.